बोटं राखणारे मास्तर

गेल्या महिन्यात पुतण्याचा कोरेगावहून सांगलीला फोन आला, "जगन्नाथ मास्तर गेले." दुपारचं जेवून, हात धुवून खुर्चीत टेकले ते टेकलेच. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला याहून बरं मरण कुठलं... तरी फोन ठेवल्यावर मी कोरेगावची एसटी धरली.

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. मास्तर आमच्या गावच्या शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत सायकलवरून गुऱ्हाळं पालथी घालायचे. चरकाला ऊस लावताना पोरांची बोटं जात, ती का जातात हे त्यांना शोधायचं होतं. कुणाचं बोट, कुठल्या हाताचं, त्या दिवशी घरी काय घडलं होतं, सगळं वहीत टिपून ठेवायचे. लोक म्हणत, "मास्तर दुसऱ्याची बोटं मोजत फिरतोय, सोताच्या लग्नाचं बघंना!" पहिल्या हिवाळ्यात त्यांनी दोष सैल बाह्यांवर ठेवला. झालं! ऐन पौषात आम्हाला उघडं करून चरकावर बसवलं. सगळं गुऱ्हाळ शिंकायला लागलं, आणि तरीही एकाचं बोट गेलंच. मास्तरांनी त्या पोराच्या घरी जाऊन सगळं नव्यानं विचारलं. मग पुन्हा वही घेऊन बसले, तेव्हा ध्यानात आलं की बोटं गेलेली बरीच पोरं चांगली सराईत होती. पण कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणाची आई अंथरुणाला खिळली होती. हात चरकावर आणि मन घरी. त्यावर त्यांनी नवीच रीत पाडली. चरकावर बसणाऱ्याला सकाळी विचारायचं, "काल रातीला कालवण कसलं हुतं रं?" ज्याला आठवणार नाही, त्यानं त्या दिवशी चरकाला शिवायचं नाही. गूळ रांधणारा गुळव्या पोट धरून हसला, पण मास्तरांपुढं त्याचं काही चालेना.

माझा दादा तेव्हा पलटणीत होता, समुद्रापार. पाच महिने त्याचं पत्र नव्हतं आणि घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. मी सोळा वर्षांचा, चरकावर बसायला मिळतं म्हणून मिशी नसताना पीळ देणारा. एके सकाळी मास्तरांनी विचारलं आणि मला कालवण आठवेना. वांगं म्हणालो, मग डाळ म्हणालो...

"ऊठ. आज चिपाडं वाळव."

चिपाडं वाळवायचं काम बारक्या पोरांचं! मी उसळलो, "बोटं माजी हायती मास्तर, माजी मी बघून घीन."

"बोटं तुजीच हायती गड्या," मास्तर म्हणाले, "पर दादाला पत्र कोण लिवणार? आईला येतंय व्हय लिवाया?"

मी तिथंच चिपाडांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडलो. मास्तर शेजारी बसले. पुढं रोज शाळेआधी यायचे आणि दादाच्या गोष्टी मला विचारायचे, कसा पोहायचा, कुणाशी भांडायचा. आठ-दहा दिवसांनी मी सांगितलं, "घेवडा हुता मास्तर, अन् आईनं मीठ लय घातलं हुतं." पत्र अजून आलं नव्हतं, ते शिमग्याला आलं. पण त्या दिवशी मी चरकावर बसलो.

तेराव्याला आम्ही गुऱ्हाळावरचे सहा-सात म्हातारे एका ओळीत जेवायला बसलो होतो. मास्तरांची नातसून वाढत होती, पुण्याकडची पोर. तिनं भाबडेपणानं विचारलं, "आजोबांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं हो?" मी घास खाली ठेवला आणि दोन्ही हात तिच्यापुढं पसरले. शेजारच्यानं पसरले, त्याच्या शेजारच्यानं पसरले. पोरीनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शाबूत बोटं पाहिली, डोळे पुसले, आणि आम्हा सगळ्यांना पुन्हा भात वाढला.