शालू नेसून थापलेली भाकरी

बाळीवेशीतल्या श्रीदेवीची कडक भाकरी एकदा खाल्ली, की माणूस दुसऱ्या कुणाच्या दारात जात नाही. पापडासारखी पातळ, आणि खाताना आवाज असा की शेजारच्याने वळून बघावं. नवरा गेल्यावर याच भाकरीवर तिने घर तारलं, मुलाला शिकवलं. आता तिला एकच ध्यास लागला होता, आपली भाकरी सोलापूरबाहेर जावी. पण जिला कधी पाहिलं नाही त्या बाईवर परगावच्यांनी विश्वास कसा ठेवावा?

सून देवयानी वेबसाइट करायला बसली, तेव्हा श्रीदेवीने आपली अक्कल चालवली. फोटो काढायचा म्हणून ती मुलाच्या लग्नातला शालू नेसली, गळ्यात बोरमाळ घातली आणि परातीपुढे बसली. धुराने शालू खराब होईल म्हणून चूल पेटवूच दिली नाही. देवयानीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला, पण सासूपुढे बोलते कुठे!

वेबसाइट देखणी झाली. लोक येत, बघत आणि निघून जात. शेवटी नागपूरहून एका बाईंचा वेबसाइटवर निरोप आला. "भाकरी खरंच तुम्ही करता, की नुसते फोटो काढता?"

श्रीदेवीच्या काळजाला घरं पडली. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्यावर तिने सुनेला हाक मारली. "आता काढ फोटो. मी न्हाय बघणार तिकडं."

देवयानीने सगळं बदललं. कोपरापर्यंत पीठ, पेटलेली चूल, भाकरी थापतानाचा आणि मोडतानाचा आवाजासकट व्हिडिओ, गल्लीचा पत्ता, श्रीदेवीचा फोन नंबर. खाली लिहिलं, वाटेत मोडली तर दुसरी पाठवू.

"मोडंल म्हणून आधीच सांगायचं व्हय? लोक पळतील की!"

"मोडतेच की, आत्या. लपवलं तर पळतील."

कुणी पळालं नाही. लातूर, नाशिक, ठाणे, सगळीकडून मागणी येऊ लागली. श्रीदेवी गल्लीत मान ताठ करून चालू लागली, आणि का चालू नये?

एकदा पुण्याहून एक गृहस्थ थेट दारात आले. नव्या माणसाला आधी भाकरीचा तुकडा चाखायला द्यायची तिची रीत. तिने हात पुढे केला.

"चव कशाला बघू, मावशी? तुम्हाला करताना बघितलंय की. बांधून द्या."

तुकडा तिच्याच हातात राहिला. मग तिनेच तो खाल्ला. इतक्या वर्षांत स्वतःची भाकरी तिला एवढी गोड कधीच लागली नव्हती.