दोरा कशाचा वळायचा?

आमच्या टोपलीत मासे कधी साचले नाहीत. किस्से मात्र दर रविवारी साचतात. टोळी तिघांची: चित्रकलेचे रिटायर्ड भोर सर, भंडारदऱ्याचे लक्ष्मणमामा आणि राहात्यात मेडिकल चालवणारा मी. सरांच्या काठीला दोरा गुंडाळायचं रीळ नाही. टोकालाच दोरा बांधायचा, दोऱ्याला पिसाची खोटी माशी. सगळा खेळ दोऱ्याचा! तो असा उतरला पाहिजे, की पाण्याला कळूही नये.

*

आधी मी गळाच्या दुकानातून ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला नायलॉनचा दोरा, आणली. हलकी, मजबूत. सरांनी धुक्यात फेकली, वाऱ्याने अलगद उचलली, आणि माशी पलीकडच्या जांभळीवर!

मामा शांतपणे म्हणाले, "सर, तितं मासं न्हाईत. जांभळं हायेत."

*

मग सरांनी सुती दोऱ्याला पीळ दिला. तो छान पडला, पाणी प्यायला आणि हळूहळू हिरव्या डोहात उतरू लागला. सर बघतच राहिले. "काय रेघ आहे बघा..."

"सर, मासा लागलाय!" मी ओरडलो.

"कुठला मासा?"

तोवर तो गेलाही.

*

कुणीतरी सांगितलं, घोड्याच्या शेपटीचे केस उत्तम. मी वरातीच्या घोडीवाल्याकडे गेलो.

"शेपटीचे केस हवेत."

"कशाला?"

"मासे धरायला."

त्याने आधी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेडिकल तुमचंच ना? मंग आधी तुमीच कायतरी औषिद घ्या!"

दिले मात्र मूठभर. पण मोठा खडस मासा लागला आणि त्या केसांचा दोरा काटकन तुटला.

*

पुढे तीन महिने सर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, केमो चालू होतं.

मग एका सकाळी दोघं आले. काकूंच्या डोक्याला रुमाल, सरांच्या काठीला नवा दोरा. काळा, मधूनच रुपेरी, टोकाकडे निमुळता.

मामांनी तो बोटांवर घेतला. "लई मऊ हाय. कशाचा हो?"

काकूच म्हणाल्या, "गळायच्या आधीच कापून घेतले. वळलाही मीच. यांना कुठं वेणी घालता येते!"

सरांनी दोरा फेकला. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. धुकं, डोह, सगळं जागच्या जागी. आणि खडस लागला! काठी कमानीसारखी वाकली.

"वढा सर, वढा!" मामा ओरडले.

सरांनी काठी खाली केली. दोरा सैल पडला. मासा सुटून गेला.

"अहो, सोडला कशाला?" काकू म्हणाल्या.

"विंचरताना ओढलं की दुखायचं ना तुला."