मेंढी विताना

मोठ्या बाईंनी चित्र फाडलं तेव्हा मी खडू आणायला शेजारच्या वर्गात गेले होते. परत आले तर भागू कान धरून उभी, तिच्या पायाशी कागदाचे तुकडे, आणि बाकीच्या मुली तरटावर माना खाली घालून बसलेल्या.

"हे शिकवता तुम्ही?" मोठ्या बाईंनी मला विचारलं. मुलींसमोर.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. निजामाच्या राज्यातली मुलींची सरकारी शाळा, जालन्यात मस्तगडाजवळ. मी तिथे ड्रॉईंग आणि शिवण शिकवायची. नोकरी हंगामी होती. मोठ्या बाईंच्या एका शेऱ्यावर जाईल अशी.

मी खाली बसून तुकडे गोळा केले. वाण्याच्या पुडीचा कागद होता. महायुद्धाच्या दिवसांत कोरा कागद मिळत नव्हता, मुली पुड्या सोडवून, हाताने सपाट करून आणायच्या. त्यावर कोळशाने मेंढी काढलेली. आडवी पडलेली, मान मागे वळवलेली. मागून कोकराचे पुढचे पाय आणि नाकाडाचं टोक बाहेर आलेलं. आणि मेंढीच्या पोटावर एक हात, बांगड्यांसकट. हात मेंढीपेक्षा मोठा होता. तसा काढायला मी शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

इथे थोडं सांगायला हवं. तेव्हा ड्रॉईंग म्हणजे नक्कल. भिंतीवर तक्ता टांगायचा. छापील कमळ, कोयरी, फुलदाणी. मुलींनी ते जसंच्या तसं उतरवायचं. जिची रेघ तक्त्याच्या रेघेच्या जवळ, ती हुशार. यानं हात स्थिर होतो, हे खरं आहे. पण निव्वळ नक्कल केलेल्या मुलीला तक्त्याशिवाय बसवलं की ती रडकुंडीला येते. मी रोज पाहत होते. म्हणून आठवड्यातून एक तास मी तक्ता गुंडाळून ठेवायची आणि म्हणायची, तुम्ही पाहिलंय असं काहीतरी काढा.

भागूनं पाहिलेलंच काढलं होतं. धनगराची पोर, नऊ-दहा वर्षांची. पाढ्यांत कच्ची, शिवणात त्याहून कच्ची. पण कोळसा हातात घेतला की कुणाकडे बघायची नाही.

तास संपल्यावर मी ऑफिसात गेले.

"तुम्ही तिला एक शब्द विचारला नाही," मी म्हणाले.

"त्यात विचारायचं काय? पोरीबाळींनी असलं बघायचं असतं का?"

"तिच्या घरी मेंढरं आहेत. ती रोज बघते."

"घरी बघू दे. उद्या इन्स्पेक्शन आहे. ते भिंतीवर लावणार होता का तुम्ही?"

"हो. लावणार होते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमची नोकरी अजून कच्ची आहे. विसरू नका."

विसरले नव्हते. घर माझ्या पगारावर चालायचं.  तरी त्या दिवशी मी घरी जाऊन खळ शिजवली आणि तुकडे दुसऱ्या कागदावर चिकटवले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहिबा आल्या. मुलींच्या शाळा तपासायला बाईच यायची. हैदराबादच्या होत्या, वयस्क, बोलायला मऊ. भिंतीवर ओळीनं फुलदाण्या लावलेल्या. त्या ओळीपुढून चालत गेल्या आणि म्हणाल्या, "सब एक जैसे हैं." मोठ्या बाईंना ती तारीफ वाटली. त्या हसल्या.

मी पुढे होऊन चिकटवलेलं चित्र त्यांच्यासमोर धरलं. मोठ्या बाईंचं हसू गेलं.

साहिबांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "बच्ची कहाँ है?"

"बीमार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बीमार नाही," मी म्हणाले. "काल हे फाडून तिला वर्गासमोर कान धरायला लावले. आज ती आलेली नाही."

 साहिबा पुन्हा चित्राकडे बघत राहिल्या. मग चित्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तस्वीर सच्ची है. मगर मदरसे की दीवार पर नहीं." आणि मोठ्या बाईंकडे वळून, "फाडना नहीं था."

बस. एवढंच. जाताना शेरा दिला तो असा, की ड्रॉईंगच्या तासाला तक्ता टांगलेलाच असावा.

सच्ची आहे, पण शाळेच्या भिंतीवर नको. हे वाक्य मला आजही गिळता आलेलं नाही. मोठ्या बाईंना चित्र कळलंच नव्हतं. यांना कळलं होतं, आणि तरीही यांनी तेच केलं.

भागू पुढेही आली नाही. मी तिच्या घरी गेले. आई अंगणात लोकर पिंजत बसली होती. बाप दाराशी उभा. भागू मला बघून आत पळाली.

"शाळंत जाऊन बेअब्रू करून घ्यायची, त्यापरीस मेंढरं वळू दे," बाप म्हणाला. "पोरगी दोन दिस जेवली न्हाई."

आईनं हातातलं काम थांबवलं नाही. "बाई, लेकीनं खोटं काढल्तं का काही?"

"नाही."

"वंगाळ काढल्तं का?"

"नाही."

"मंग कान कशापायी धरायला लावलं?"

मी शाळेची बाई म्हणून तिथे उभी होते.  "त्यांचं चुकलं," मी म्हणाले. "मी वर्गात आहे तोवर पुन्हा होणार नाही."

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "जाईल ती. पर फिरून कान धराया लावलं, तर म्या येईन शाळंत. सांगा तुमच्या मोठ्या बाईला."

मी सांगितलं. शब्दशः.

भागू परत आली आणि तिनं फुलदाणी काढली. पाटीवर, तक्त्यासारखी हुबेहूब. दर रेघेला मान वर करून विचारायची, "बाई, बराबर हाय का?" या मुलीनं मला आजवर असं कधी विचारलं नव्हतं. मग शेजारची विचारू लागली. मग तिच्या शेजारची. तास सरेपर्यंत वर्गभर तेच. बाई, बराबर हाय का, बाई, बराबर हाय का. कागद फाटला त्या दिवशी आला नव्हता इतका राग मला तेव्हा आला. फाडलं होतं एकाच मुलीचं चित्र. बाकीच्यांनी नुसतं पाहिलं होतं, तेवढ्यानं झालं होतं.

हुकूम होता तक्ता टांगायचा. मी टांगला. आणि म्हणाले, "ही फुलदाणी कुणाच्या तरी घरात ठेवलीय. ते घर काढा."

"कुनाचं घर, बाई?"

"मला काय माहीत. मी कुठे पाहिलंय?"

"बराबर हाय का" असं कुणी विचारलं की मी तेच सांगायची, मी ते घर पाहिलेलं नाही, तुलाच ठाऊक. पहिले काही आठवडे कोऱ्या भिंती आणि मधोमध फुलदाणी, एवढंच येत राहिलं. मग एकीनं चूल काढली. एकीनं भांडणारी आजी काढली. भागू मात्र फुलदाणीच काढत होती. मी तिला आग्रह केला नाही. शाबासकी दिली नाही. तिच्यापुढे कोळसा ठेवायची आणि दुसरीकडे जायची.

एके दिवशी तिच्या आसपासच्या मुली तोंडावर हात धरून हसू लागल्या. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई फेरीला आल्या. भागूच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी हातातलं सोडून तिकडे निघाले.

कागदावर फुलदाणी होती, तक्त्यातली. पण रिकामी. तिच्या शेजारी एक भलीमोठी मेंढी, गाल फुगलेले.

"हिच्यातली फुलं कुठायत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

भागूनं मान वर केली नाही. कोळसाही थांबवला नाही.

"मेंढीनं खाल्ली," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. तो भिंतीवर होता, हुकमाप्रमाणे. मग माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेल्या.

पुढे त्यांना बढती मिळाली, त्या औरंगाबादला गेल्या. माझी नोकरी कायम व्हायला फार उशीर लागला. साहिबांचा शेरा कुणी बदलला नाही, मीही तक्ता कधी उतरवला नाही. भागू चौथीपर्यंत शिकली, मग तिचं लग्न झालं. ती पुढे चित्रं काढायची का, मला ठाऊक नाही.

नंतर मी पुष्कळ वर्षं शिकवलं. नव्यानं येणाऱ्या शिक्षिका विचारायच्या, चित्रकलेच्या तासाला नेमकं काय करायचं असतं. मी सांगायची, काय करायचं ते तुम्हाला हळूहळू कळेल. तोवर मुलीनं काढलेलं बघवत नसेल तर खिडकीबाहेर बघा. त्याला ट्रेनिंग लागत नाही.