डब्याची गोष्ट, जशी घडली तशी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, वीसेक वेळा तरी. घरात केळवण असो की बारसं, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "काका, डब्याची गोष्ट!" आणि काका, म्हणजे हा पोट सुटलेला माणूस, मांडी ठोकून सुरू होतो. पण मी सांगतो ती घडलेलीच नाही. घडलेली बायकोलाही माहीत नाही.

कुठून सुरू करू? डब्यापासूनच करतो. तिथून जीभ सवयीनं चालते.

चार-पाच वर्षांपूर्वी इथे इंदूरला, एका मंगल कार्यालयात, मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. आदल्या लग्नाचे झेंडू अजून लटकत होते. माझा पुतण्या रोहन खेळणार होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून आयोजकांनी मला कंट्रोलर, म्हणजे खेळायची दांडी-बटणांची यंत्रं, तपासायला बसवलं. छातीला बिल्ला लागला आणि मी थेट हायकोर्टाचा जज्ज झालो.

हे खेळाडू कंट्रोलर घरीही बनवतात — दांडीऐवजी नुसती बटणं. चालतं ते. फक्त 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' ही बटणं एकदम दाबली, तर पडद्यावरचा लढवय्या जागच्या जागी उभा राहिला पाहिजे. हलला, तर कंट्रोलर बाद. कारण तशा कंट्रोलरमधून हाताला न जमणाऱ्या चाली निघतात. माझं काम एवढंच — दोन बोटं, दोन बटणं.

महूहून एक मुलगी आली होती. पंचविशीची, कुठल्याशा लॅबमध्ये नोकरीला. तिच्या डाव्या हाताचा अंगठा लहानपणापासून वाकत नव्हता, आणि बाजारातला कंट्रोलर चालतो तो त्याच अंगठ्यावर. म्हणून तिनं आईचा जुना स्टीलचा मसाल्याचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडून बटणं बसवली, इथल्या सियागंज बाजारातून तारा आणून आत जोडल्या. उघडला की अजून हिंगाचा वास! सकाळी मीच तपासला. बटणं दाबली, लढवय्या हलला नाही. हिरवी चिठ्ठी मीच चिकटवली. "यात फोडणी पण होते का गं?" विचारलं, तर हसून म्हणाली, "फायनलला बघा, काका."

फायनलला ती आलीच. समोर रोहन.

इथे मी नेहमी घोटभर पाणी पितो. लोकांना वाटतं, रंगत आणायला.

दादा — रोहनचे वडील, माझे थोरले भाऊ — त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आले होते. पोरगा नोकरी सोडून बटणं बडवतो, म्हणून वर्षभर त्याच्याशी धड बोलत नव्हते. त्याच्या बाजूनं भांडायचो तो मी. आणि सरावात त्या मुलीनं रोहनला सहज हरवलेलं मी पाहिलं होतं. तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "काका, एक बार और चेक करो ना. उस डब्बे में कुछ तो है."

काही नव्हतं. मला माहीत होतं.

तरी मी डबा मागवला. सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. दोन बोटं ठेवली, दाबली — आणि डावं केसभर उचललं. केसभरच. लढवय्या उजवीकडे दोन पावलं चालला. हॉलभर 'ओहोऽ' झालं.

तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, चुकून उचललं गेलं तुमचं बोट. परत दाबा ना."

चुकून! तिनंच मला वाट करून दिली होती. किती सोपं होतं — परत दाबायचं, म्हातारा झालो म्हणायचं, हसायचं. मी काय म्हणालो? "सकाळी बरोबर होता. जेवणाच्या सुट्टीत तू आत काहीतरी बदललंस."

मागून कुणीतरी ओरडलं, "चीटिंग कर री है, भिया!"

तिला साधा कंट्रोलर दिला. तो मांडीवर आडवा ठेवून ती तर्जनीनं खेळू लागली. माझा चहा गार व्हायच्या आत सगळं संपलं. दादांनी रोहनला मिठी मारली. तिनं डबा ओढणीत गुंडाळला, हिरव्या चिठ्ठीसकट. त्यानंतर ती कुठल्याच स्पर्धेत दिसली नाही.

माझ्या गोष्टीत ती 'मसालेवाली' असते. पहिल्या वर्षी डब्यात जास्तीची एक तार होती. मग चिप आली. हल्ली ती चिप हळदीच्या वाटीखाली सापडते आणि मी नाक वर करून म्हणतो, "मला हिंगाच्या वासावरूनच संशय आला!" सगळे खो खो हसतात. रोहन मात्र गोष्ट सुरू झाली की पाणी आणायला उठतो. दर वेळी. त्यानं माझं बोट पाहिलं होतं का? मी विचारलेलं नाही. जिंकल्यानंतर त्याचा कंट्रोलर कपाटातून बाहेर निघालेला नाही, एवढं ठाऊक आहे.

आणि मी? बायको फोडणीला डबा उघडते, हिंगाचा वास येतो, आणि ताटाशेजारी ठेवलेलं माझं डावं बोट आपोआप उठतं. मी दाबून धरतो. परत उठतं. "काय हो, मुंग्या आल्या का?" ती विचारते. मी हो म्हणतो.

दादा आले होते, रोहन घाबरला होता, गर्दी होती — हे सगळं माझं स्वतःला ऐकवून झालं आहे. त्यांच्यापैकी कुणीही बोट उचललं नव्हतं.

डबा बरोबर होता. सकाळीही, दुपारीही. बोट मी उचललं, जाणूनबुजून. आणि 'मसालेवाली' कुणी नव्हतीच. तिचं नाव मला पक्कं माहीत आहे. त्या हिरव्या चिठ्ठीवर मीच, माझ्या अक्षरात लिहिलं होतं — प्रज्ञा. तपासलं. बरोबर आहे.