डबीवरचं नाव

लॅबच्या काउंटरवर आमच्या ह्यांनी मिठाईची पिशवी ठेवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली शौचाच्या नमुन्याची डबी होती. आतड्याचा कॅन्सर असलाच तर लवकर कळावा, म्हणून डॉक्टरांनी नमुना घरूनच आणायला सांगितला होता. काउंटरवरच्या मुलीने एकेक कागद सोडवला आणि विचारलं, "काका, नाव नाही घातलंत?"

मला नवल वाटलं. आमच्या घरात वाटी-चमच्यापर्यंत सगळ्यावर ह्यांचं नाव कोरलेलं आहे. मग इथेच हात का अडला? माणूस स्वतःच्या पोटालाही लाजतो?

"नावाशिवाय रिपोर्ट कुणाचा म्हणायचा?" मुलगी म्हणाली.

ह्यांनी पेन काढलं आणि वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. मधे माझ्या सासऱ्यांचंही आलं. शौचावाटे रक्त जातंय, हे त्यांनी शेवटपर्यंत घरात कुणाला सांगितलं नव्हतं.