गडग्यापलीकडचा पडदा

त्या सोमवारी सकाळी माझा भाऊ चहा पिऊन ओसरीवर बसला. मी कप उचलायला गेले तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. डॉक्टर आले. दुपारी त्याला नेलं.

कोरगावच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. मी मोठी, तो धाकटा. लग्न दोघांनीही केलं नाही. का, हे लोकांनी विचारणं सोडलं तसा आम्हीही तो विषय सोडला. मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुस्तकं घेऊन घरी बसले. तो मात्र हरमलच्या किनाऱ्यावर कामाला जायचा.

डीजे गाणी लावतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्या गाण्यांबरोबर भिंतींवर आणि पडद्यांवर जी चित्रं हलतात, ती बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी लावत असतं. माझा भाऊ तो दुसरा होता. डीजेचा कॉम्प्युटर घ्यायचा, त्याला दोन प्रोजेक्टर, एक मोठा टीव्ही, कधी आणखी काही जोडायचं, आणि प्रत्येकावर वेगळं चित्र पाठवायचं, हे त्याचं काम. सुरुवातीला तिथल्या शॅकवाल्यांना, म्हणजे वाळूवरच्या झावळ्यांच्या हॉटेलांना, फुटबॉलच्या मॅच दाखवायला पडदा बांधून द्यायचा. पुढे त्यातच रमला. शेजारच्या घरातला मुलगा गाणी वाजवायचा आणि हा चित्रं लावायचा. पर्यटकांच्या हंगामात दोघे एका मोटारसायकलवरून जायचे, मधे लॅपटॉपची बॅग.

पावसाळ्यात हरमल बंद. तेव्हा प्रोजेक्टरच्या काचेला बुरशी धरू नये म्हणून तो ते माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवायचा, आणि खालच्या कप्प्यात एक लहानसा बल्ब दिवसरात्र जळत ठेवायचा. त्या उबेने माझी पुस्तकंही कोरडी राहायची. कपाट उघडलं की कोमट वास यायचा, कागदाचा आणि रबराचा मिळून.

मी त्याला चिडवायचे, "कपाट एक, पण पुस्तक काय तू उघडणार नाहीस."

तो म्हणायचा, "वाचतों मगो मी, ताये. पाठल्यान वाचतों."

मागून वाचतो म्हणजे शेवटचं पान आधी, असा अर्थ मी घेतला होता. त्याला विचारलं कधी नाही.

शेजारच्या मुलाची बहीण, म्हणजे त्या डीजेची धाकटी बहीण, आमच्याच आंगणात वाढली. तिचं लग्न ठरलं तेव्हा भावाने तिला शब्द दिला होता की रिसेप्शनला तीन पडदे लावीन. लग्न देवळाच्या हॉलमध्ये आणि संध्याकाळी रिसेप्शन घरच्या आंगणात, असा बेत होता. फाटकापाशी टीव्ही, त्यावर पाहुण्यांचं स्वागत. घराच्या पांढऱ्या भिंतीवर गाण्याच्या तालावर हलणारे रंग. आणि मधल्या पडद्यावर वधूवरांची नावं आणि तिचे लहानपणापासूनचे फोटो. महिनाभर तो ते फोटो नीट करत बसला होता. गेला तेव्हा सगळं लॅपटॉपमध्ये तयार होतं, आणि लॅपटॉप शेजारी डीजेकडे होता.

लग्नाचा दिवस आमच्या सुतकात पडला.

शेजारची काकी, म्हणजे नवरीची आई, गडग्यापाशी येऊन उभी राहिली. आमच्या दोन आंगणांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. लग्नघरची बाई सुतकाच्या घरात येत नाही, म्हणून ती पलीकडेच थांबली.

"बाय, जेवलंस गो?"

"जेवलें."

"घरातली म्हणतत, गाणी लावया नको. पडदेय नको. तुज्या दारात दुख्ख आणि आमी हय ढोल बडयतलो, बरां दिसना."

मी विचार करायला वेळ घेतला नाही. पडदे लागले नाहीत तर त्याचं महिनाभराचं काम त्या यंत्रात तसंच राहणार होतं. एका संध्याकाळसाठी केलेलं काम, आणि ती संध्याकाळ पुन्हा येणार नव्हती.

"त्याणें तुज्या चेडवाक सांगितलेलां," मी म्हणाले. "लावा. गाणीय लावा. आवाज बारीक करू नकात."

काकी पदराने डोळे पुसू लागली. मग तिला दुसरी अडचण आठवली. लग्नाचं आंगण अरुंद. पडद्यासमोर प्रोजेक्टर ठेवला तर ये-जा करणाऱ्या पाहुण्यांच्या सावल्या पडणार. म्हणून भावाने ठरवलं होतं की गडग्यालगतच्या दोन माडांना मांजरपाटाचा पडदा बांधायचा आणि प्रोजेक्टर आमच्या आंगणात ठेवून मागून उजेड टाकायचा. पातळ कापडातून चित्र पलीकडे दिसतं. पण आता आमचं आंगण सुतकाचं होतं. इथून निघालेला उजेड नवरीच्या नावावर पडलेला चालेल का?

काकीने भटजींना फोन लावला. थोड्या वेळाने पुन्हा गडग्यापाशी आली, आता चेहरा मोकळा होता.

"भटजी हांसलो. म्हणता, उजेडाक सुतक लागला असता तर सूर्य रोज न्हाऊन येयत आसलो मगो."

ते ठरलं. दुसरा प्रोजेक्टर आधीपासून डीजेच्या घरी होता. मधल्या पडद्याचा आमच्या कपाटात होता, तो मी चालवायचा. आमच्या घरातली वस्तू तिकडे जायची नाही, तिकडचं माणूस इकडे यायचं नाही. फक्त एक केबल गडग्यावरून येणार.

लग्नाच्या दिवशी ऊन उतरल्यावर मी आंगणात स्टूल मांडलं, त्यावर पाट, पाटावर प्रोजेक्टर. काजूचे दिवस होते, वाडीभर बोंडांचा आंबूस वास होता. डीजेने माडांना पडदा बांधला आणि त्याच्या बाजूने, गडग्यावरून, केबलचं टोक माझ्याकडे टाकलं. काकीने मागून येऊन तुळशीच्या पानाने केबलवर पाणी शिंपडलं.

"आये, थांब! करंट लागतलो!"

"इतक्याशा थेंबान काय जायना. तुज्या बापायक विचार, लग्नापासून करंट खाता तो."

पडद्याआडून कुणीतरी मोठ्याने हसलं. बहुतेक काकाच असावेत.

मग कामाला सुरुवात झाली, आणि काम अडलं. डीजे गाण्यांत हुशार, पण जोडणी आजवर नेहमी माझ्या भावाने केलेली. आधी तिन्हीकडे एकच चित्र आलं. फाटकावरच्या टीव्हीवर नवरी पाळण्यात आणि भिंतीवरही नवरी पाळण्यात. ते त्याने सेटिंगमध्ये जाऊन वेगळं केलं, तर टीव्ही काळा. टीव्ही दिसू लागला तर माझा प्रोजेक्टर निळा झाला आणि सिग्नल नाही म्हणू लागला. पाहुणे यायला लागले होते. गाड्यांचे आवाज ऐकू येत होते.

"माई," तो पडद्याआडून म्हणाला, "ह्यां जमना माका. दादा कसो करी काय म्हायत. एकच पडदो लावया. बाकीचे ऱ्हांवदेत."

एकच म्हणजे भिंतीवरचा, हे मला कळलं. तोच सोपा होता. फोटो राहणार होते.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण भाऊ घरी ओसरीवर जोडणी करून बघायचा तेव्हा केबलचं दुसरं टोक बरेचदा माझ्या हातात असायचं, आणि एक वाक्य तो दर वेळी पुटपुटायचा. आधी पानार बसय, मागीर वाढ. पंगतीत लोक बसायच्या आधी वाढायला निघालं की वाढपी गोंधळतो, भात एकाकडे आणि वरण दुसऱ्याकडे. कॉम्प्युटरचंही तसंच, असं त्याचं म्हणणं. कोण कुठे बसलंय हे त्याला सुरू होतानाच दिसलं पाहिजे.

"सगळां बंद कर," मी म्हणाले. "कॉम्प्युटरय. आधी टीव्ही, मग तुझो प्रोजेक्टर, मग माझो. तिनूय पेटले काय केबली घाल. कॉम्प्युटर सगळ्यांत अखेरीक."

"पानार बसय, मागीर वाढ," तो पलीकडून सावकाश म्हणाला. त्याच्याही कानावरून ते असंख्य वेळा गेलं होतं.

त्याने सगळं बंद केलं. मी माझा प्रोजेक्टर बंद करून पुन्हा लावला आणि पंख्याचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबले. पलीकडे एकेक बटण दाबल्याचं तो मला मोठ्याने सांगत होता. मग कॉम्प्युटर सुरू झाला. फाटकाकडून कुणीतरी ओरडलं, "आयलो रे, वेलकम आयलो!" भिंतीवर रंग आले, ते मला माडाच्या झावळ्यांच्या खालच्या बाजूला दिसले. आणि माझ्यासमोर, पडद्यावर, दोन नावं आली.

ती उलटी होती. आरशात दिसावीत तशी, काने मात्रे भलत्या बाजूला. मी आयुष्यभर फळ्यावरची आणि वह्यांमधली अक्षरं सुधारली आहेत. नवरीचं नाव, तिच्या लग्नात, असं उलटं? मी घाईने रिमोट घेतला. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र समोरून टाकायचं की मागून असा एक पर्याय होता, 'मागून'वर खूण होती. मी ती 'समोरून'वर नेली. अक्षरं वळली, सरळ झाली. मला फार बरं वाटलं.

पलीकडे हशा पिकला.

"माई गो!" डीजे ओरडला. "नावां उलटी जाली! बरी आसली ती!"

"न्हवऱ्याक आतांच उलटो केलो," कुणी म्हातारा म्हणाला. "मागीर बायल करतलीच."

मग माझ्या लक्षात आलं. मी पडद्याच्या मागे होते. जे मला सरळ ते त्यांना उलटं. भावाने प्रोजेक्टर बरोबर लावून ठेवला होता. जाण्याआधीच्या आठवड्यात त्याने पडदा बांधून एकदा बघितलंही होतं. मला बाहेर ये म्हणाला होता, आणि मी हातातल्या पुस्तकाचं प्रकरण संपवून येईपर्यंत त्याने आवरलं होतं.

मी खूण पुन्हा 'मागून'वर नेली. अक्षरं माझ्याकडे पाठ करून वळली. पलीकडे टाळ्या वाजल्या, आणि गाणी सुरू झाली.

मी पायरीवर बसून सगळं बघितलं. फोटो हळूहळू बदलत होते. पाळण्यातली नवरी, शाळेच्या गणवेशातली, आमच्या तुळशीपाशी पाय पसरून बोंड खाणारी. सगळे डावे हात उजवे झालेले. एका फोटोत भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरलेले. फोटोंखाली त्याने एकेक ओळ लिहिली होती आणि मी ती उलट्या बाजूने वाचू लागले. पहिल्या ओळीला वेळ लागला. पुढे जमलं. इतकी वर्षं तो अशाच बाजूला बसत आला होता, कुणाच्या पायांत न येता, पडद्याच्या मागे, आणि त्याने सगळं हेच बघितलं होतं. पाठल्यान वाचतों, म्हणाला होता तो.

त्या ओळींत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या राहू दिल्या. दुसरं काही करणं हातात नव्हतंही.

जेवणाच्या पंगती बसायच्या सुमारास पलीकडच्या दिव्यांमुळे पडद्यावर एक सावली आली. कपाळाला मुंडावळ्या, केसांत गजरा. नवरी गडग्यापाशी आली होती. तिला इकडे यायचं नव्हतं, मला तिकडे जायचं नव्हतं. कापडाला न शिवता ती पलीकडे उभी राहिली, तिच्या खांद्यावर तिचाच शाळेतला फोटो पडला होता.

"माई, तुका दिसता मगो थंयसून?"

"दिसता."

"उलटां?"

"उलटांच. पण वाचूक येता."

सावलीने मान वळवून भिंतीकडे आणि फाटकाकडे बघितलं. मग म्हणाली, "तिनूय लागले."

"होय. तिनूय लागले."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. सावली मोठी, पुसट होत गेली आणि बाजूला सरकली.

सुतक फिटल्यावर मी प्रोजेक्टर पुसून डीजेला दिला. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, पुढच्या हंगामात हरमलला तुला लागेल. आता जोडणी तोच करतो, जमतं त्याला. केबलचा एक तुकडा गडग्याच्या फटीत अडकून राहिला होता, तो काकीने कपडे वाळत घालायला घेतला.

कपाटात माझी पुस्तकं आहेत. खालचा कप्पा रिकामा आहे. पावसाळा सुरू झाला की मी तिथला बल्ब लावते.