लाईट गेली तरी पंचवीस

माझं कामच मोजायचं. जे मोजता येत नाही ते माझ्या वहीत येत नाही, आणि वहीत नाही ते मी मानत नाही. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मी हसून बाजूला व्हायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघड वाटतंय... पण यातले आकडे मी स्वतः वाचलेत, म्हणून लिहिते.

मी बीडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पीएचडी करते. विषय आहे रेशीम अळीची अंडी. आपल्याकडे तुती लावणारे पुष्कळ झालेत, आणि उन्हाळ्यात अंडी फुटतच नाहीत ही त्यांची नेहमीची रड. अंड्याच्या आत उष्णतेनं नेमकं काय बिघडतं हे पाहायचं, तर आधी न बिघडलेली वाढ सलग पाहायला हवी. म्हणून मायक्रोस्कोपखाली जिवंत अंडी ठेवून दहा दिवस, दर दहा मिनिटांनी एक फोटो. अट एकच — तापमान पंचवीस अंश. बीडच्या मे महिन्यात!

मायक्रोस्कोपभोवती आम्ही थर्माकोलची पेटी केली होती. अंड्यांखाली विजेवर गार होणारी प्लेट, शेजारी सेलवर चालणारा लॉगर. लॉगर म्हणजे दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून ठेवणारं छोटं यंत्र. दुसरा लॉगर खोलीच्या भिंतीवर.

या कामात माझ्या बरोबरीनं राबले ते नामदेव मामा, आमचे लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, पण हात असा की पेटीला पालथा हात लावून म्हणायचे, "म्याडम, सव्वीस झालं बगा." मी पाहायचे तर सव्वीसच. लाईट गेली की ते पोतं भिजवून पेटीवर टाकायचे आणि दर अर्ध्या तासानं बदलत बसायचे. तरी दोनदा प्रयोग बुडाला. दुसऱ्या वेळी मेलेली अंडी पाहून मामा दिवसभर जेवले नाहीत. एप्रिलअखेर ते रिटायर झाले आणि आपल्या गावी, चकलांब्याला गेले. जाताना म्हणाले, "लई जीव लावलाय म्या ह्या पेटीला. तिसऱ्या बारीला व्हतंय बगा."

तिसऱ्या वेळचा सहावा दिवस रविवार होता. सासूबाईंना लिंबागणेशला दर्शनाला जायचं होतं, तिथल्या बहिणीकडे जेवणही होतं. या वेळी प्लेटला नवा इन्व्हर्टर जोडला होता, म्हणून मीही निघाले. लॅबला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. दुसरी किल्ली ऑफिसच्या कपाटात, आणि ऑफिस रविवारी बंद.

दर्शन झालं, जेवण झालं. परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. हॉटेलवाला ह्यांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "बीडला कावून घाई करता? अकरा-साडेअकरापासून लाईट न्हाई तिथं. उकडून मरचाल."

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजत आले होते. इन्व्हर्टर फार तर तासभर टिकणार. हातातला चहा तसाच ठेवला. ह्यांनी गाडी जोरात काढली. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

कॉलेजवर पोचले. वॉचमन म्हणाला, "न्हाई म्याडम, कुणीच आलं न्हाई. मी हितंच बसून हाय." कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं तर भट्टीत पाऊल टाकल्यासारखं झालं. इन्व्हर्टर एकदाही चालू झाला नव्हता, त्याचा फ्यूज उडालेला. म्हणजे प्लेट पहिल्या मिनिटापासून बंद. भिंतीवरचा लॉगर एक्केचाळीस दाखवत होता.

पेटीतल्या लॉगरवर होतं — २५.१.

वाटलं, बंद पडला. दुसरा थर्मामीटर पेटीच्या भोकातून आत सरकवला. पंचवीस. पेटीला हात लावला... माठासारखी गार. आणि कोरडी. फरशीही कोरडी, पोती कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली, तीही कोरडी. मी तिथंच स्टुलावर बसले.

थोड्या वेळानं, पावणेचारला, लाईट आली. कॅमेरा आणि त्याचा दिवा लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत असल्यानं फोटो निघतच राहिले होते. तापमान हललं की मायक्रोस्कोपचे भाग किंचित फुगतात आणि फोटो धूसर होतो, हे आम्ही दोनदा भोगलेलं. इथं एकही फोटो धूसर नव्हता. एक गोष्ट मात्र होती. लाईट गेल्यापासून दर तिसऱ्या फोटोत अंडी केसभर हललेली, टेबलाला कुणाचा धक्का लागावा तशी. मी मोजलं. बरोबर अर्ध्या-अर्ध्या तासानं.

अंगावर काटा आला, पण खरं सांगते, भीती वाटली नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून मामांना फोन लावला. मामींनी उचलला. मी फक्त "मामा आहेत का?" एवढंच विचारलं.

"आत्ता उठलेत बाई. कदी दुपारचं आंग टाकीत न्हाईत, आन् आज अकराच्या पुढं जे झोपले... हलवलं तरी उठंनात. मधीच 'पेटी तापंल, पेटी तापंल' म्हनायचे. मला तर भ्याच वाटलं. आन् म्याडम, उठले तर हात बर्फावानी गार. बोटं सगळी सुरकुतलेली, धुनं धुतल्यावानी! पान्यात हात घातलाच न्हाई वो त्यांनी."

मग मामा फोनवर आले. म्हणाले, "अंडी बरी हायत ना म्याडम?"

"बरी आहेत मामा," मी म्हणाले, आणि रडू फुटलं.

दहाव्या दिवशी सकाळी अंडी फुटली. जवळजवळ सगळीच. सुईच्या टोकाएवढ्या काळ्या अळ्या कवच कुरतडून बाहेर येताना मी पाहिल्या, आणि त्या सकाळी तीन वेळा चहा केला.

माझ्या गाइड सरांचं म्हणणं, पेटीनंच गारवा धरून ठेवला असेल. मलाही ते पटायला हवं होतं. म्हणून पुढच्या आठवड्यात तशाच उन्हाच्या दुपारी मुद्दाम प्लेट बंद करून पाहिली. अर्ध्या तासात पेटी तिशीच्या वर. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "जे दिसलं ते लिही. कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून लिही." मी तसंच लिहिलंय. प्रबंधाच्या मसुद्यात ते एकच वाक्य आहे, आणि त्याखाली सरांची सही.

मागच्या आठवड्यात चकलांब्याला जाऊन आले. मामांकडे साधा बटणांचा फोन, म्हणून व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर दाखवला. तुतीच्या बांधावर बसून त्यांनी तो चारदा पाहिला. अळी बाहेर आली की दरवेळी हसायचे. मग मी विचारलंच — त्या दुपारचं काही आठवतं का? स्वप्न, काहीही?

मामांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"न्हाई म्याडम. सपान बी न्हाई. पर उठलो तवा लई बरं वाटत व्हतं. काम उरकल्यावानी."